नागपूरचे दारूकाम

लग्नापासून अठरा वर्षे आमची सौभाग्यवती म्हणत असे, "एकदा दसऱ्याचे दारूकाम दाखवा ना!" आणि मी परतीच्या गाडीची सबब सांगत असे. लोधीखेड्यावरून जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 2015 साली बंद झाली. आता तेथे मोठी लाइन आहे. सबब मात्र मी जुनीच ठेवली होती.

गेल्या विजयादशमीस आम्ही उभयतां सकाळीच निघालो. 1956 च्या विजयादशमीस दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, म्हणून त्या दिवशी नागपुरात लक्षावधी लोक येतात. गर्दीच्या धास्तीने कस्तुरचंद पार्कवर आम्ही अगदी मागे, फाटकाजवळ उभे राहिलो. आकाशात तांबडे फूल उमलले, ते स्ट्रॉन्शियमचे. मग हिरवे, बेरियमचे. धडाका मागाहून कानी येई, कारण ध्वनी सेकंदास सुमारे 340 मीटरच धावतो.

मी घड्याळ पाहिले.

"अहो, रावण अजून उभा आहे," ती म्हणाली.

आम्ही थांबलो. शेवटची गाडी चुकली. रात्र स्थानकाच्या बाकावर काढली. तिच्या पदराला दारूचा वास येत होता. पहाटे तिने हळूच विचारले, "पुढच्या वर्षी आईंनाही आणू या का?"