गव्हातील रुंद पानांची तणे व निवडक तणनाशक

गव्हाच्या पिकात पेरणीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे तणांच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. या काळात चाकवत, चांदवेल यांसारखी रुंद पानांची तणे पिकाच्या वाट्याचे पाणी, अन्नद्रव्ये व सूर्यप्रकाश घेतात. जवळजवळच्या ओळींत पेरलेल्या गव्हात कोळपणी करणे अवघड जाते आणि निंदणीस वेळेवर मजूर मिळतातच असे नाही. अशा वेळी २,४-डी हे निवडक तणनाशक उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोध लागलेले हे औषध १९४५ पासून अमेरिकेत विक्रीस आले.

वनस्पतींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या नैसर्गिक द्रव्यासारखेच याचे कार्य असते. रुंद पानांवर ते चांगले पसरते, आत शोषले जाते व वाढीच्या शेंड्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे पेशींची वाढ बेसुमार होऊन खोड पिळवटते, पाने मुरडतात आणि तण मरते. गव्हाची पाने अरुंद व उभी असतात, त्याचा कोवळा कोंब पानांच्या आवरणात सुरक्षित असतो आणि शोषलेल्या औषधाचे गव्हाच्या ताटात लवकर विघटन होते. म्हणून गहू वाचतो. त्याच कारणाने हरळी व कुंदा यांसारख्या गवतवर्गीय तणांचा बंदोबस्त मात्र या औषधाने होत नाही.

फवारणीची वेळ साधणे अत्यावश्यक आहे. गव्हास फुटवे आल्यावर, परंतु कांडी धरण्यापूर्वी, म्हणजे पेरणीनंतर साधारणतः ३० ते ३५ दिवसांनी फवारणी करावी. या वेळी तणे दोन ते चार पानांची असावीत व जमिनीत ओलावा असावा. फार लवकर फवारल्यास ओंब्या वेड्यावाकड्या होतात. उशीर झाल्यास तणे निबर होतात आणि दाणे भरण्यावरही परिणाम होतो. ८० टक्के सोडियम क्षाराची भुकटी हेक्टरी ६०० ग्रॅम ते १ किलो, सुमारे ६०० लिटर पाण्यात मिसळून वापरावी. वेष्टनावरील मात्रा व सूचना वाचल्यावाचून औषध कालवू नये.

गव्हाला निरुपद्रवी असलेले हे औषध कपाशी, द्राक्ष, टोमॅटो व हरभरा यांना अतिशय घातक आहे. वाऱ्याबरोबर उडालेल्या थोड्याशा तुषारांनीही कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात. बांधापलीकडच्या शेतकऱ्याचा वर्षाचा हंगाम अशा एका फवारणीने बिघडू शकतो. म्हणून वारा शांत असताना, पंख्याच्या आकाराचा फवारा देणारी तोटी जमिनीजवळ धरून फवारावे. शेजारी अशी पिके असल्यास, तसेच गव्हात हरभरा, मोहरी, जवस किंवा करडई मिश्र पीक म्हणून असल्यास निंदणीचाच अवलंब करावा.

तणनाशकासाठी पंप शक्यतो वेगळाच ठेवावा. तो नीट न धुता त्याच पंपाने कपाशीवर कीटकनाशक फवारल्यामुळेही पिकाचे नुकसान होते. फवारणी करताना हातमोजे घालावेत, तोंडावर फडके बांधावे आणि उरलेले पाणी विहीर, ओढा अगर पाटात ओतू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी शेताच्या चारही बाजूंना कोणती पिके उभी आहेत, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. शेतकरी बंधूंनीही शेजाऱ्यास आगाऊ कळवूनच पंप हाती घ्यावा.