‘मळमळते’ आणि ‘उलटी होते’
‘मळमळणे’ हे मराठी व्याकरणातील भावकर्तृक क्रियापदाचे ठरलेले उदाहरण होय. ‘मला मळमळते’ यात कर्ता वेगळा दाखविता येत नाही. ज्याला होते त्यालाच ते कळते. कर्करोगाच्या केमोथेरपीत हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. उलटी घरच्यांना दिसते, मळमळ दिसत नाही. आजच्या औषधांनी उलटी पुष्कळशी आवरते. मळमळ तितकी आवरत नाही. सिसप्लॅटिननंतर तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बहुधा रुग्ण घरी असताना, बळावू शकते. अशा वेळी ‘उलटी झाली का?’ या प्रश्नाला मिळालेले ‘नाही’ हे उत्तर खरे असूनही अपुरे असते. (आपल्याकडचा जेवणाचा आग्रहही त्याच उत्तरावर सुरू होतो.) म्हणून ‘मळमळते का? केव्हापासून? कशाच्या वासाने?’ असे निराळे विचारावे, आणि रुग्ण ‘ढवळते’ म्हणाला तर डॉक्टरांना तोच शब्द सांगावा.