जुन्या सुमोचे इशारे ओळखा

टाटा सुमो १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही अनेक व्यापारी बांधवांच्या दारात ती आजही उभी आहे. आठवडाभर मालाचे गठ्ठे आणि सुट्टीला घरची मंडळी, असा दुहेरी भार ती वाहते. अशी गाडी बहुधा अचानक मोडत नाही. आधी इशारा देते. हा इशारा वेळीच ओळखला तर मोठा खर्च टळतो, म्हणून काही मोजक्या गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

पहिला इशारा तापण्याचा. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घालत गेल्यास आतल्या नळ्या बुजतात. मग इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट उडते. इंजिन ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजून गाडी तेथेच उभी करावी. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने मूळ रोग जात नाही, डिझेल मात्र जास्त लागते. कूलंट वापरावे आणि कडक झालेले होज पाइप बदलावेत.

दुसरा धुराचा. काळा धूर म्हणजे बहुधा एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल खराब. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंगा तपासाव्यात.

तिसरा आवाजाचा. गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'टक्' असा आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. क्रॉस स्वस्तात बदलतो; भर रस्त्यात शाफ्ट निखळला तर जिवावर बेतते.

चौथा ब्रेकचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा पॅडल खोल जाऊ लागले तर एक दिवसही थांबू नये. डिझेल वाचवण्यासाठी कसारा घाट इंजिन बंद करून उतरणारे आहेत. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूम संपतो आणि ब्रेक दगडासारखा जड होतो. वाचलेल्या लिटरभर डिझेलसाठी कुटुंबाचा जीव धोक्यात घालू नये.

जुनी गाडी घेणाऱ्याने सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहावे. गरम इंजिन बरेच दोष झाकते. विकणाऱ्याने दोष आपणहून सांगावा. दडवलेला बिघाड चार दिवसांत उघडा पडतोच आणि बाजारातील पत गाडीच्या किमतीत परत मिळत नाही.