लोखंड बदललं, गाडी तीच?

लेखमाला : जुन्या गाड्या, जाणते हात — लेखांक ६

१९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका जुन्या बेंटलीवरून खटला चालला. सौदा ठरला होता एक कोटी पौंडांचा. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. दोन्ही वेळा चालकांच्या जोडीत वुल्फ बार्नाटो होता. पैसे मोजायची वेळ आली तेव्हा खरेदीदार कंपनी अडून बसली : ही ती गाडीच नव्हे!

दावा अगदीच पोकळ नव्हता. शर्यतींच्या धामधुमीत ही गाडी पुन्हा पुन्हा खोलली आणि बांधली गेली. १९३२पर्यंत तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं होतं. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ती उतरत्या भिंतीवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेला. पुढे तिला बंद छपराची बॉडी चढली. १९३०च्या गाडीतलं काय उरलंय याची मोजदाद कोर्टात झाली, तेव्हा पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा कॉलम एवढंच हाती लागलं.

तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : गाडी १९२९मध्ये होती तशी राहिलेली नाही हे खरं. पण बदल होत गेले ते हळूहळू, एका चालू गाडीवर. ती मधेच कधी नाहीशी झाली नाही, तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही. म्हणून ते नाव तिचंच.

गेल्या आठवड्यात आपण कोणती गाडी घ्यावी आणि तिला किती मोजावेत याचा हिशेब केला. आज त्या हिशेबातला सगळ्यात निसरडा आकडा, म्हणजे गाडीचा अस्सलपणा. कोट्यवधींच्या बेंटलीला जे लागू पडलं, तेच दोन माणसांच्या साध्या एमजीलाही लागू पडतं. सुटे भाग बदलणारच. प्रश्न असतो तो बदलांचा माग ठेवलाय का, हा. आणि तो माग पुसण्यात गंजापेक्षा हौशी मालकाचाच हात जास्त असतो.

आकडे काय सांगतात

एमजी हे नाव आपल्याकडे आज हेक्टरमुळे ओळखीचं झालंय. मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डची मॉरिस गॅराजेस. १९२९ ते १९८० तिच्या स्पोर्ट्स गाड्या जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यातून निघत. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच आलेली टीसी ही त्यातली संग्राहकांची लाडकी. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या बांधल्या गेल्या. तारांची उंच चाकं, पत्र्याच्या आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, आणि स्पीडोमीटर चक्क शेजारी बसणाऱ्याच्या समोर! चालकापुढे इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ. वेग किती झाला याची काळजी बाजूच्याने करायची.

टीसीचे चासी नंबर एकपासून सुरू होत नाहीत, ०२५१पासून होतात. कारण गमतीदार आहे : कारखान्याचा फोन नंबर होता अ‍ॅबिंग्डन २५१. हे ठाऊक असलेला माणूस ‘टीसी ००४०’ अशी पाटी लावलेली गाडी समोर आली की खिशातला हात बाहेर काढत नाही.

पण पाटीवर विसंबून चालत नाही. नव्याकोऱ्या नंबरपाट्या बाजारात सर्रास मिळतात आणि चार रिबिटं ठोकायला पाच मिनिटं लागतात. म्हणून पाटी, चासीच्या लोखंडावर ठोकलेला नंबर, इंजिनावरचा नंबर आणि कागद हे चारही एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचं. कागद कुठून आणायचे? वॉरिकशरमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अनेक कंपन्यांच्या उत्पादनाच्या नोंदवह्या आहेत. ठरावीक शुल्क भरलं की त्यांतली नोंद उतरवून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. एमजीबीसारख्या गाडीचं असेल तर त्यात गाडी कधी बांधली, मूळ इंजिन नंबर कोणता, रंग आणि आतलं कापड कुठलं, ती कुठे पाठवली गेली हे सापडतं. हा गाडीचा सातबाराच म्हणायचा.

याहून बोलका पुरावा इंजिनाच्या आसपास लपलेला असतो. बर्मिंगहॅमची लुकस कंपनी त्या काळी बहुतेक ब्रिटिश गाड्यांना विजेची सामग्री पुरवायची. तिच्या दिव्यांवरून आणि वायरिंगवरून इंग्लंडात ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून विनोद चालत, पण याच कंपनीची एक सवय आज संग्राहकांच्या कामी येते. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांच्या अंगावर महिना आणि वर्ष बारीक आकड्यांत ठोकलेलं असे. समजा, नोंदवहीप्रमाणे गाडी मार्च १९६४ची आहे आणि डिस्ट्रिब्युटरवर ‘२ ६४’ आहे. म्हणजे फेब्रुवारीत बनलेला भाग मार्चमध्ये गाडीवर चढला, सगळं जुळतं. त्याच जागी ‘९ ७१’ दिसलं तर तो भाग मागाहून आला, हे उघड. त्यात गैर काही नाही, फक्त ते माहीत हवं. दुःख याचं, की हे आकडे पॉलिश करणाऱ्याच्या चाकाखाली किंवा वाळूच्या फवाऱ्यात क्षणात जातात. भाग चकाकतो आणि मुका होतो.

पत्र्याखालचा पत्रा

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत राहिली. तिच्या भावंडांसह आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. टीसीसारखी वेगळी चासी तिला नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे पत्रा सडला की रूप जातंच, पण गाडीचा कणाही जातो.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे दाराखालची पेटी, मेकॅनिकच्या भाषेत सिल. बाहेरून दिसतो एकच पत्रा, पण आत थर आहेत : बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली आधाराची पट्टी. पाणी आणि चिखल आत साचतो, गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसायला लागतो तेव्हा आतल्या पडद्याची चाळण झालेली असते. यावरचा जुना झटपट इलाज म्हणजे सडक्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्डिंग मारायचं आणि रंग फासायचा. गाडी त्या वर्षीच्या तपासणीत पास होते, आत गंजाचा उद्योग चालू राहतो.

नीट काम करणारा माणूस कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार जोडतो आणि दाराभोवतीची फट जागोजागी मोजून लिहून ठेवतो. आधाराविना सिल कापली तर गाडी मधोमध खचते, दाराची वरची फट मिटते आणि दार चौकटीला घासायला लागतं. त्या अवस्थेत नवी सिल जोडली तर वाकडेपणा कायमचा पक्का. म्हणून जुनी एमजीबी पाहायला गेलात की रंगाकडे नंतर बघा. आधी दार हळूच उघडून लावा आणि वरची-खालची फट सारखी आहे का ते पाहा.

सडका भाग फारच पसरला असेल तर? १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली, तीही शोधून काढलेल्या मूळ साच्यांवर पत्रे दाबून. गाडीचं उत्पादन थांबून आठ वर्षं झाल्यावर तिचं कवच नवंकोरं मिळू लागलं. मग जुन्याचं इंजिन, अ‍ॅक्सल, दारांची हँडलं नव्या कवचात बसवली तर ती गाडी जुनी की नवी?

ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने यासाठी अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली. जुना नोंदणी नंबर टिकवायला किमान आठ गुण लागत. चासी किंवा बॉडीला पाच. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनाला फक्त एक. बाजारात मात्र उलटं. ‘मूळ इंजिन’ म्हटलं की किंमत वर चढते. या पद्धतीतली खरी मेख पुढे होती : बॉडी नवी असली तरी पाच गुण मिळत, पण ती मूळ बनावटीबरहुकूम आहे आणि निर्मात्याकडून वा विक्रेत्याकडून घेतली आहे याची पावती दाखवावी लागे. पावती हरवली की शंभर नंबरी काम संशयात जाई.

सुटे भाग : जुना, नवा आणि नव्यासारखा

ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांच्या बाबतीत संग्राहक नशीबवान आहेत. टीसीचे वेडे अमेरिकेत भरपूर होते. १९४८ साली लॉस एंजलिसमध्ये सुरू झालेली मॉस मोटर्स आजही याच गाड्यांचे भाग विकते. भाग मिळतो, पण कोणता, ते विचारावं लागतं. एक, गाडीवरून उतरवलेला जुना. दोन, त्या काळी बनून दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला, न वापरलेला. तीन, आज नव्याने बनवलेला. दुसऱ्या प्रकाराला सर्वाधिक भाव येतो. धातूच्या भागाला तो शोभतो, रबराच्या भागाला नाही. पन्नास वर्षं डब्यात पडलेला ब्रेकचा होज अस्सल असेल, पण त्याच्या भरवशावर घाट उतरू नये. ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या इथे अस्सलपणाचा हट्ट सोडायचा. उलट, आजचं सगळं चांगलंच असतं असंही नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या नव्या रोटर आर्मनी जगभरच्या मालकांना रस्त्यात उभं केलंय. जुना शाबूत असेल तर फेकू नका.

टीसीचं इंजिन खोलणाऱ्याला आणखी एक चकवा भेटतो. बोल्टच्या डोक्याला ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा पाना नेमका बसतो, पण आटे मेट्रिक निघतात. मॉरिस गॅराजेसवाल्या मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला इंजिनांचा जो कारखाना विकत घेतला, तो फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीचा होता. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. इंग्लंडातल्या मेकॅनिककडे पाने ब्रिटिश, म्हणून डोकी ब्रिटिश. हे न कळता कोणी जवळपासच्या मापाचा बोल्ट दामटून बसवला की ब्लॉकमधले आटे गेलेच. शिवाय तो विचित्र मूळ बोल्ट भंगारात जातो, आणि त्याच्याबरोबर त्या इंजिनाच्या जन्मकथेचा एक पुरावाही.

आपल्याकडचा पेच

या गाड्यांशी आपलं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. १९५५च्या एमजीएत १४८९ सीसीचं जे बी-सीरीज इंजिन होतं, त्याच घराण्यातल्या आणि त्याच मापाच्या इंजिनाने आपली अँबेसेडर वर्षानुवर्षं ओढली. त्यामुळे अँबेसेडरवर हात बसलेल्या जुन्या मेकॅनिकला एमजीएचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटत नाही.

कायदा मात्र वेगळ्या बाजूला झुकलाय. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार करणारी मोठी डागडुजी झालेली नसावी. लंडनच्या न्यायाधीशाने बेंटलीला जी मुभा दिली, ती इथे गृहीत धरता येत नाही. सडलेला पत्रा तसाच पत्रा घालून बदलणं आणि गाडीचं रूप पालटणं यांतला फरक तुम्हालाच दाखवून द्यावा लागेल, आणि तो दाखवायला तोंडी हवाला पुरणार नाही.

जागतिक पातळीवर जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ ‘फिवा’ याच दिशेने बोलतो. त्यांच्या तुरीन सनदेचा भर आधी जपण्यावर, मग दुरुस्तीवर आहे. जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि शक्य तिथे ते पुन्हा पूर्ववत करता येईल असं बदला. काही दशकांपूर्वी स्पर्धांत कारखान्यातूनही कधी निघाल्या नसतील इतक्या चकचकीत गाड्या बक्षिसं मारायच्या. आता मूळ रंगाची, सीटचं चामडं भेगाळलेली, पण अखंड गाडी पाहून जाणकार थबकतात.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी करायची कामं सांगतो. प्रत्येक भागाचा उतरवण्याआधी फोटो, आकडा दिसेल असा. उतरवलेला भाग चिठ्ठी बांधून डब्यात, कितीही निकामी असला तरी. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून घेतलेल्या दिव्यापासून इंग्लंडहून मागवलेल्या सिलपर्यंत प्रत्येक पावती एका फाइलमध्ये. एका वहीत तारीखवार नोंद : काय काढलं, काय घातलं, का. गाडी विकताना डबा, फाइल आणि वही तिच्याबरोबर द्या. घेणारा शहाणा असेल तर रंगापेक्षा त्या वहीचे जास्त पैसे देईल.

(पुढील लेखांकात : एसयू कार्ब्युरेटर. दोन कार्ब्युरेटर एका सुरात कसे आणायचे, आणि या कंपनीची सुरुवात चपलाबुटांच्या व्यापारी घराण्यातून कशी झाली.)