चाकांवरच्या घरातलं लाल तेल

घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंबरठा, देव्हारा, स्वयंपाकघर येतं. पण इथे अमेरिकेत असंही एक घर असतं, ज्याला पायाऐवजी चाकं असतात! मोटरहोम म्हणतात त्याला. पुढे ड्रायव्हरची जागा आणि मागे शेगडी, सिंक, फ्रीज, न्हाणीघर, झोपायला पलंग. निवृत्त झालेली कितीतरी जोडपी वर्षातले काही महिने अशाच घरात काढतात. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की इथली मराठी कुटुंबंही असं घर भाड्याने घेऊन त्यांना यलोस्टोन नाहीतर ग्रँड कॅन्यन दाखवायला नेतात. वडीलधाऱ्यांना ते सोयीचं पडतं. औषधं हाताशी, गुडघे आखडले की आडवं व्हायला जागा, आणि दुपारी गरम वरणभात!

घर आलं म्हणजे घराची देखभाल आली. पडदे, गादी, शेगडी यांकडे बाई आपोआप बघते. पण या घराची एक वस्तू अशी आहे की तिच्याकडे बहुधा कुणाचंच लक्ष नसतं. ती म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल. मैत्रिणींनो, “हे काय आपलं काम?” असं म्हणून पान उलटू नका. मी बी.ए. मराठी घेऊन झालेली, रविवारच्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवणारी बाई. मला जे समजलं, ते तुम्हालाही सहज समजेल.

तेलाचं काम काय?

साध्या गाडीत आपण क्लच दाबून गिअर बदलतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नसतं. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिल गाडीत असा गिअरबॉक्स दिला, आणि पुढे तो अमेरिकेत घरोघरी झाला. त्यात इंजिनची ताकद चाकांकडे पोचते ती तेलातून. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो ना? तसंच हे, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. शिवाय याच तेलाच्या दाबाने आतले गिअर बदलतात, तेच भागांना वंगण देतं आणि तेच उष्णता वाहून नेतं. एकट्या सुनेने सगळ्या घराचं करावं, तशातला प्रकार!

या तेलाचा वैरी एकच, तो म्हणजे उष्णता. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत ते सुखात असतं. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. आता मोटरहोमचं वजन बघा. मध्यम आकाराचं, फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावरचं घर भरल्यावर साडेसहा टनांपर्यंत जातं. आम्ही राहतो त्या कोलोरॅडोत डेन्व्हर शहर ५,२८० फुटांवर आणि पश्चिमेकडचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांच्याही वर. समुद्रापासून आपलं महाबळेश्वर जेवढं उंच, त्याहून जास्त चढ शंभरएक किलोमीटरच्या आत! एवढं ओझं घेऊन गाडी हळूहळू चढते, तेव्हा तेल आत अक्षरशः घुसळलं जातं आणि तापतं.

रंग आणि वास

भज्यांच्या कढईतलं तेल पुन्हा वापरायचं की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? रंगावरून आणि वासावरून. इथेही तेच.

बहुतेक गाड्यांत हे तेल मुद्दाम लाल रंगवलेलं असतं. गाडीखाली ठिपका पडला, तर तो इंजिन ऑईलचा नाही हे कळावं म्हणून. (काही नव्या तेलांचा रंग वेगळा असतो, तेव्हा गाडीचं पुस्तक बघावं.) पांढऱ्या कागदी रुमालावर एक थेंब टिपा:

लाल आणि स्वच्छ: सगळं ठीक.
तपकिरी: तेल जुनं झालं, बदलायला आलं.
काळपट, करपलेला वास: आतल्या क्लचच्या चकत्या जळू लागल्या आहेत. लांबचा प्रवास रद्द करून आधी मेकॅनिककडे.
गुलाबी, दुधाळ: तेलात पाणी किंवा रेडिएटरचं पाणी शिरलं आहे. गाडी जागची हलवू नये.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई-मामंजी येणार म्हणून आम्ही एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. विक्रेता म्हणाला, “गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं असतं, बघायचीही गरज नाही.” ह्यांना ते पटलं. मी मात्र रुमालावर थेंब घेतला. रंग आपल्या चहासारखा! “जन्मभर म्हणजे कुणाचा जन्म?” असं मी विचारलं, तेव्हा हे हसले आणि गाडीचं पुस्तक काढून बसले. जड ओझ्याच्या गाडीचं तेल ३० हजार मैलांना, म्हणजे सुमारे ४८ हजार किलोमीटरला बदलावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. गाडी त्याच्या दुप्पट चालली होती. सत्तरीच्या दोन माणसांना घेऊन घाट चढायचा होता. आम्ही आधी तेल बदललं आणि मगच सामान भरलं.

पातळी कशी बघावी?

१. गाडी वीसेक मिनिटं चालवून तेल गरम होऊ द्यावं. थंड तेल पट्टीवर खाली दिसतं आणि फसवतं.

२. सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन चालूच ठेवावं.

३. पायाने ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागेवर क्षणभर थांबवत फिरवावा. मग फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो ‘पार्क’वर ठेवतात, डॉज-क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांत ‘न्यूट्रल’वर. पुस्तकात असेल तेच खरं.

४. बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे तेलाची लांब पट्टी काढावी. पदर, ओढणी, मोकळे केस आधी आवरावेत. पंखा फिरत असतो! धागे न सुटणाऱ्या फडक्याने पट्टी पुसून पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि ‘हॉट’ लिहिलेल्या खुणांत तेल आहे का ते बघावं.

कमी असेल तर लांब नरसाळ्याने थोडं थोडं घालावं. ‘कमी’ आणि ‘पूर्ण’ या खुणांत अनेक गाड्यांत जेमतेम अर्ध्या लिटरचं अंतर असतं. “घातलं थोडं जास्त तर काय बिघडलं?” असं मुळीच म्हणू नये. जास्त तेलाला आतले गिअर फेस आणतात, फेसाने दाब राहत नाही आणि उतू गेलेलं तेल तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडलं तर आग लागू शकते. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो. इथे घरच पेटतं.

मोठ्या मोटरहोमांत ॲलिसन कंपनीचा गिअरबॉक्स असतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत गिअरची वर-खाली बाणांची दोन बटणं एकदम दाबली की पातळी समोर आकड्यांत दिसते. काही नव्या गाड्यांत मात्र पट्टीच नसते. तिथे ठराविक तापमानाला खालचं बूच उघडून पातळी बघतात. ते काम गॅरेजवर सोपवलेलं बरं.

बदलताना

चाकांना ठोकळे लावून, तेल कोमट झाल्यावर, खालचं ऑईल पॅन एका कोपऱ्याकडून सैल करत उतरवतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मग ते कितीही हुशार असोत! पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असला तर ती नेहमीची झीज. धातूचे कपचे दिसले तर दुखणं मोठं आहे. फिल्टर आणि पॅकिंग नवं घालतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅन उतरवल्यावर तिसरा हिस्सा ते निम्मं तेलच बाहेर येतं. बाकीचं आतच राहतं. म्हणून निघालेलं तेल मोजून तेवढंच नवं घालावं आणि मग गरम करून पट्टी बघावी. तेलाची जातही महत्त्वाची. मर्कॉन एलव्ही सांगितलं असेल तर मर्कॉन व्ही चालत नाही. निघालेलं तेल जमिनीत किंवा गटारात ओतू नये. इथे गाड्यांचे भाग विकणारी बरीच दुकानं ते फुकट घेतात.

आपल्याकडच्या मैत्रिणींसाठी

तुमच्या दारात मोटरहोम नसेल, पण ऑटोमॅटिक गाडी कदाचित असेल. २०१४ साली मारुतीची सेलेरियो आल्यापासून आपल्याकडे लहान गाड्यांतही ऑटोमॅटिक रुळली, आणि क्लचची कटकट नाही म्हणून कितीतरी जणी ती आवडीने चालवतात. पण सगळ्या ऑटोमॅटिक एका जातीच्या नव्हेत. सेलेरियोसारख्या एएमटी गाडीत साधा गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच यंत्र दाबतं. त्याला साधं गिअर ऑईल लागतं. सीव्हीटी गाडीला तिचं खास तेल. आणि ज्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे, तिला वर सांगितलेल्या जातीचं. एकीचं तेल दुसरीत घातलं तर हजारोंचा खर्च ठरलेला.

म्हणून गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. आमचा गिअरबॉक्स कुठल्या जातीचा? त्याचं तेल किती किलोमीटरला बदलायचं? आणि तुम्ही नेमकं कुठलं घातलं? उत्तरं गॅस सिलिंडरच्या तारखा लिहितो त्याच वहीत लिहून ठेवा. एक धक्का देऊन गिअर पडू लागला, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही असं वाटलं, तर “घरी गेल्यावर ह्यांना सांगू” म्हणून थांबू नका. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे आणि मागच्या सीटवर मुलं तुमची आहेत.