शंभूचे दहा हात, विष्णूची चोवीस नावं

शाळेतल्या संभाव्यतेच्या गणितांत नाणं, फासा आणि ५२ पत्ते हे ठरलेले पाहुणे. किलवर-इस्पिक ज्यांनी कधी हातात धरलेलं नाही अशी मुलंही लाल रंगाचा राजा येण्याची संभाव्यता काढतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. पत्त्यांवर माझा राग नाही. मे महिन्याच्या दुपारी आमच्या घरी दुसरं काही चालतच नसे. पण इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लिहिलेल्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचं अख्खं प्रकरण शक्यतांच्या मोजणीवर असताना आपण तिकडे ढुंकूनही बघू नये, याचं मला वर्षानुवर्षं नवल वाटत आलंय.

युरोपातला इतिहास उरकून टाकतो. अर्ध्यावर मोडलेल्या डावातली रक्कम कशी वाटायची, यावर पास्काल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रव्यवहार केला. याकोब बर्नुलीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापला गेला आणि विषयाला शास्त्राचं रूप आलं. भास्कराचार्यांनी संभाव्यता लिहिलेली नाही, हेही आत्ताच सांगतो. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही. पण सगळ्या शक्यता सारख्याच तोलाच्या असल्या, तर संभाव्यता म्हणजे शेवटी दोनच मोजण्या: एकूण किती आणि त्यांतल्या हव्या त्या किती. या मोजणीचे भास्कराचार्य उस्ताद.

त्यांचं माझं सर्वांत लाडकं गणित असं: विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख आहेत. त्यांची अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? पहिल्या हाताला चार पर्याय, मग दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला उरलेलं एक. एका हातानंतर दुसरा भरायचा, म्हणून गुणाकार: २४. संध्या करणाऱ्या घरांत केशव, नारायण, माधव अशी जी नावं घेतात तीही नेमकी २४. मूर्तिशास्त्रात प्रत्येक नावाला आयुधांचा वेगळा क्रम दिलेला आहे. खालच्या उजव्या हातापासून निघून प्रदक्षिणेच्या दिशेनं पद्म, शंख, चक्र, गदा दिसलं की तो केशव. काही नावांच्या क्रमाबाबत ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, पण २४ या आकड्याबाबत नाहीत. असूच शकत नाहीत.

हे कळल्यापासून माझं देवदर्शन बिघडलं. चतुर्भुज मूर्ती दिसली की हात जोडण्याआधी मी तिचे हात वाचतो. पंढरीचा विठोबा मात्र या हिशेबात सापडत नाही. दोनच हात, तेही कमरेवर!

याच २४ मूर्तींवर संभाव्यतेची हवी तेवढी गणितं घालता येतात. डोळे मिटून एक मूर्ती निवडली. तिच्या खालच्या उजव्या हातात शंख असण्याची संभाव्यता किती? शंख तिथे ठेवला की बाकीचे तीन हात ६ प्रकारे भरतात, म्हणून २४ पैकी ६, म्हणजे एक चतुर्थांश. वरच्या दोन हातांत शंख-चक्रच हवेत म्हटलं, तर वर दोन प्रकार, खाली दोन, एकूण चार. संभाव्यता एक षष्ठांश. सूत्र आठवावं लागत नाही, मूर्ती डोळ्यांपुढे आणली की झालं.

शंभूला तर दहा हात आणि पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधं. उत्तर ३६,२८,८००. दर सेकंदाला एक रूप दाखवायचं ठरवलं तर रात्रंदिवस बरोबर ४२ दिवस लागतील. सेकंदाचाही फरक नाही, करून बघा.

क्रम महत्त्वाचा नसेल तेव्हा काय? त्यासाठी सहा रसांचं उदाहरण आहे; ते अंकपाशाच्या बरंच आधी, ‘मिश्रव्यवहार’ या प्रकरणात येतं. आंबट-गोड काय आणि गोड-आंबट काय, चटणी तीच. म्हणून दोन रसांच्या जोड्या ६ गुणिले ५ नव्हे, त्याच्या निम्म्या, १५. एकेका रसापासून साही रसांपर्यंत ६, १५, २०, १५, ६, १, बेरीज ६३. सुश्रुतसंहितेतही रसांचे भेद ६३च आहेत. मुलं जिथे हमखास अडखळतात ती जागा हीच, आणि माझ्या मते पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनची सूत्रं फळ्यावर येण्याआधी ही चटणी वाटली गेली पाहिजे.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला काही शिक्षक मित्रांबरोबर गेलो होतो. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचं नाव आहे. यादवराजा सिंघणाच्या या ज्योतिष्यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला आणि १२०७ साली त्याला दान मिळालं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. पावसाळी झाडी, समोर डोंगर, आणि आम्ही पारावर बसून अंकपाशातलं शेवटचं गणित सोडवत होतो: शून्य नसलेले पाच अंक, बेरीज १३, अशा संख्या किती?

१३ चिंचोके रांगेत मांडा. मध्ये १२ फटी. त्यांतल्या चार फटींत काड्या ठेवल्या की पाच ढीग होतात आणि प्रत्येक ढीग म्हणजे एक अंक. १२ फटींतून ४ निवडायच्या: ४९५. पण आचार्यांचा खरा बारकावा पुढे आहे. अंकांची बेरीज स्थानसंख्या अधिक नऊपेक्षा कमी हवी, अशी अट ते घालतात. १३ ऐवजी १४ घेतले तर चार ढिगांत एकेक आणि पाचव्यात १० चिंचोके पडू शकतात, आणि १० हा अंक नव्हे! १३ असताना सर्वांत मोठा ढीग ९चाच. असा ढीग पाच जागी येऊ शकतो, म्हणून या ४९५ संख्यांतून एक उचलली तर तिच्यात ९ असण्याची संभाव्यता ९९ पैकी १.

फराळाच्या ताटाशी बसून करण्याजोगं त्यांचंच आणखी एक देतो. ४, ८, ५, ५, ५ हे अंक घेऊन पाच अंकी संख्या किती होतील आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? तीन पाच एकसारखे आहेत, हे विसरू नका. २० आणि ११,९९,९८८ आलं, तर तुमचं गणित बरोबर.