मायबाप एकच



प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण सर्वांत आधी सर्वसमर्थ देवपित्यावरील विश्वास कबूल करतो. प्रभूने शिकविलेली प्रार्थनाही पित्याला मारलेल्या हाकेनेच सुरू होते. रोज तोंडी असलेल्या या शब्दाचा अर्थ काय?

जग निर्माण केल्यावर देव पिता झाला, असे नाही. तो अनादिकाळापासून पुत्राचा पिता आहे. इ.स. 325 मध्ये निकीया येथील परिषदेने हेच ठामपणे मांडले: पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे. आपण मात्र कृपेने त्याची लेकरे होतो. त्यासाठी पौलाने दत्तकपणाचा दाखला दिला (रोम. 8). रोमी कायद्यात दत्तक मुलाला वारशाचा पूर्ण हक्क मिळे. देवाच्या घरीही कोणी आश्रित नाही. सगळे वारस आहेत.

वसतिगृहातील सायंप्रार्थनेनंतर सहावीतील एका मुलीने मला विचारले, "देव माझ्या बापासारखा असेल, तर तो मला कशाला?" तिचा बाप दारू पिऊन मारतो. मी तिला सांगितले, बापाकडे पाहून देव ओळखायचा नसतो. देवाकडे पाहून बापाने स्वतःला तपासायचे असते. मग आम्ही लूक 15 वाचला. सर्व उधळलेला मुलगा घरी मजूर म्हणून राहायला तयार होता. पण त्याचे बोलणे पुरे होण्याआधीच पित्याने त्याला झगा, अंगठी आणि वहाणा आणविल्या. होशेयाच्या ग्रंथात हाच देव लेकराला हात धरून चालायला शिकवितो, आणि यशयाच्या ग्रंथात आईसारखे सांत्वन करतो. म्हणून आपल्या भाषेतला 'मायबाप' हा शब्द त्यालाच शोभतो.

आदिवासी पाड्यांवर मात्र हा शब्द दुसऱ्यांच्याच वाट्याला गेला. डहाणू-तलासरीकडे लग्नाच्या कर्जापोटी राबणाऱ्या 'लग्नगड्या'चा मायबाप सावकार होता. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण वीटभट्टीसाठी उचल देणाऱ्या शेठपुढे आजही हात जोडले जातात. धान्य आणि चादरी घेऊन गेलो, की काही वृद्ध आम्हालाही 'मायबाप' म्हणतात. मत्तय 23 मध्ये प्रभूने बजावले आहे, की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, कारण पिता एकच आहे. यात आईवडिलांचा मान कमी होत नाही. माणसाने माणसाचा धनी होणे तेवढे नाकारले जाते.

यावरून आपल्या सेवेची रीत ठरते. देणारा आणि घेणारा एकाच पित्याची लेकरे असतील, तर मदत म्हणजे उपकार नव्हे, भावंडाचा वाटा होय. म्हणून तुमच्या देणगीचा हिशेब आम्ही पाड्यावरही वाचून दाखवतो. तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

या तिमाहीत मुलांसाठी प्रार्थना कराल, तेव्हा त्यांच्या बापांसाठीही करा.

प्रभूच्या सेवेतील आपला बंधू